पंचेचाळीस पेन्सचा मैल

इंग्लंडमध्ये घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल करणाऱ्या बाईचा दिवस सकाळी सातला गाडीत सुरू होतो. पहिल्या घरी आजोबांना उठवायचं, आंघोळ घालायची, औषधं द्यायची, नाश्ता भरवायचा. अर्ध्या तासात हे उरकून चार मैलांवरचं दुसरं घर, तिथून अडीच मैलांवरचं तिसरं. दुपारचे दोन तास मोकळे गेले की संध्याकाळची फेरी. रात्री घरी पोचेपर्यंत मीटरवर तीस-पस्तीस मैल चढलेले असतात. गाडी तिची स्वतःची. पेट्रोल ती भरते, विम्याचे हप्ते तिच्या खात्यातून जातात, टायर झिजतात तेही तिचेच. तिला नोकरीवर ठेवणाऱ्या एजन्सीने मैलामागे पंचवीस पेन्स दिले तरी पुष्कळ, अशी स्थिती अनेक ठिकाणी असते.

या बाईला ब्रिटिश करकायदा एक गोष्ट देऊ करतो. कामासाठी स्वतःची गाडी चालवणाऱ्याला मैलामागे पंचेचाळीस पेन्स खर्च येतो, असं तो गृहीत धरतो. मालकाने तेवढे दिले नाहीत, तर जेवढे कमी पडले तेवढ्या रकमेवर आयकर लागू नये, अशी त्यात तरतूद आहे. मात्र ती मागावी लागते. पगारपत्रकात ती आपोआप उगवत नाही, एजन्सीला सांगण्याची सक्ती नाही आणि करखातं दार ठोठावून विचारायला येत नाही. ब्रिटनमध्ये नर्स, केअर वर्कर, फिजिओथेरपिस्ट, साइट इंजिनियर म्हणून काम करणाऱ्या मराठी माणसांनी ही तरतूद नीट समजून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. ज्यांचा हिशेब ठेवायला अकाउंटंट असतो त्यांना ती माहीत असतेच. ज्यांना दोन-अडीचशे पाउंड म्हणजे महिन्याभराचा किराणा, त्यांनाच नेमकी ती कुणी सांगत नाही.

आधी दर पाहू. कार आणि व्हॅनसाठी एका करवर्षातल्या पहिल्या दहा हजार मैलांना ४५ पेन्स आणि त्यापुढच्या प्रत्येक मैलाला २५ पेन्स. मोटरसायकलला २४, सायकलला २०. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढच्या ५ एप्रिलला संपतं, म्हणजे दहा हजारांची मोजणीही ६ एप्रिलला पुन्हा शून्यापासून. आजच्या स्वरूपातली ही पद्धत एप्रिल २००२ मध्ये आली, तेव्हा पहिला दर ४० पेन्स होता. एप्रिल २०११ मध्ये तो ४५ झाला आणि २०२४-२५ च्या करवर्षातही तो ४५ च होता. मधल्या काळात विमा, दुरुस्ती, गाडीची किंमत सगळं कुठल्या कुठे गेलं. दर ठरवताना ज्या खर्चाचा विचार होतो तो खर्च वाढला की दरही वाढायला हवा, हे इतकं साधं आहे की चौदा वर्षं तसं न होणं मला अन्यायाचंच वाटतं.

या ४५ पेन्समध्ये काय काय धरलंय? पेट्रोल, विमा, रोड टॅक्स, एमओटीची वार्षिक तपासणी, सर्व्हिसिंग, टायर आणि वर्षागणिक गाडीची उतरणारी किंमत. म्हणून या दराने सवलत घेतली की पेट्रोलची बिलं किंवा गॅरेजची पावती वेगळी लावता येत नाही. गाडीच्या कर्जाचं व्याजही नाही. कामाच्या फेरीत भरलेलं पार्किंग, पुलाचा टोल, लंडनमधला कंजेशन चार्ज हे मात्र या दराबाहेरचे आहेत, ते निराळे मागता येतात. दंड कधीच नाही, मग पेशंटच्या दाराशी दुहेरी पिवळ्या रेषेवर गाडी लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं तरीही. गाडी विजेवर चालणारी असो वा डिझेलवर, दर एकच. ती तुमच्याच नावावर असायला हवी असंही नाही. नवऱ्याची किंवा बायकोची चालते, भाडेकरारावर घेतलेली चालते. कंपनीने दिलेली चालत नाही, तिचे नियम पूर्ण वेगळे आहेत.

आता हिशेब. इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून थोडं सावकाश जाऊ. सरकार ४५ पेन्स हातात देत नाही. तेवढी रक्कम तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा करायला परवानगी देतं, आणि वजा झालेल्या रकमेवरचा कर तेवढा परत मिळतो. वर सांगितलेल्या केअर वर्करने वर्षभरात कामासाठी ६,००० मैल गाडी चालवली असं धरू. मान्य खर्च ६,००० गुणिले ४५ पेन्स, म्हणजे २,७०० पाउंड. एजन्सीने २५ पेन्सच्या दराने १,५०० पाउंड दिले. फरक १,२०० पाउंडांचा. ती २० टक्क्यांच्या पट्ट्यात असेल तर तिला परत मिळतील २४० पाउंड. एजन्सीने छदामही दिला नसेल, तर सगळ्या २,७०० पाउंडांची वजावट, आणि परतावा ५४० पाउंड. तेवढेच मैल चालवणाऱ्या ४० टक्क्यांच्या पट्ट्यातल्या मॅनेजरला मात्र १,०८० मिळतील. जास्त पगारवाल्याला जास्त परतावा, हे या पद्धतीत अंगभूतच आहे. स्कॉटलंडमध्ये आयकराचे पट्टे निराळे असल्यामुळे तिथले आकडे बदलतात.

आणि ज्याला करच लागत नाही त्याला काहीच मिळत नाही. २०२४-२५ मध्ये १२,५७० पाउंडांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त होतं. मुलं शाळेत असताना अर्धवेळ काम करणारी, वर्षाला अकरा हजार कमावणारी आई कितीही मैल हिंडली तरी तिच्या हाती शून्य येतं, कारण परत द्यायला तिच्याकडून काही घेतलेलंच नाही. अशा बाईला करसवलतीचा काडीचा उपयोग नाही. तिला उपयोग आहे तो एजन्सीने मैलाचे पूर्ण पैसे देण्याचा. एजन्सी ४५ पेन्सपर्यंत जे देईल त्यावर कर नाही. त्याहून जास्त दिलं, तर वरची रक्कम पगार समजून तिच्यावर कर लागतो.

एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या नर्सचं उदाहरण यासाठी मोठं बोलकं आहे. तिथे २०२३ पासूनचा ठरलेला दर वर्षातल्या पहिल्या ३,५०० मैलांना ५९ पेन्स आणि पुढे २४ पेन्स असा होता. पहिला आकडा पाहून नर्सला वाटतं की आपल्याला तर जास्तच मिळतंय, मागायचं काय? पण तुलना मैलागणिक होत नाही, वर्षाच्या बेरजेची होते. ८,००० मैल हिंडणाऱ्या कम्युनिटी नर्सला तिच्या एनएचएस ट्रस्टकडून २,०६५ अधिक १,०८० असे एकूण ३,१४५ पाउंड मिळतात. मान्य खर्च ३,६०० पाउंड. तिची ४५५ पाउंडांची वजावट बाकी आहे आणि २० टक्क्यांनी तिचे ९१ पाउंड करखात्याकडे पडून आहेत. उलट जी वर्षाला तीनच हजार मैल चालवते तिला मान्य दरापेक्षा जास्त मिळालेलं असतं, आणि त्या जास्तीच्या रकमेवर कर भरावा लागतो.

आणखी एक बाब. काही कंपन्या गाडी वापरता म्हणून महिन्याला ठरावीक भत्ता देतात, समजा ३०० पाउंड, आणि त्यावर पगारासारखा कर कापतात. हा भत्ता मैलांशी बांधलेला नसतो. त्यामुळे वजावट काढताना तो वळता करायचा नाही. कामाच्या मैलांचे पूर्ण ४५ पेन्स मागता येतात. पगाराच्या चिठ्ठीवर ‘कार अलाउन्स’ पाहून आपल्याला सगळं मिळालं असं समजून गप्प बसलेले पुष्कळ लोक असतात.

हे सगळं झालं गणित, आणि गणित सोपं आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे: कोणता मैल कामाचा?

घरातून निघून ऑफिसला जाण्याचा मैल कामाचा नाही, यावर ब्रिटिश कायदा शंभर वर्षं ठाम आहे. १९२० च्या दशकात हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आलेला रिकेट्स विरुद्ध कॉल्क्हून हा खटला या विषयातला पाया मानला जातो. रिकेट्स लंडनमध्ये राहणारे, तिथेच वकिली करणारे बॅरिस्टर. पोर्ट्समथला ते रेकॉर्डर, म्हणजे अर्धवेळ न्यायाधीश होते. तिथे जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं आणि हॉटेलचा खर्च आपल्या पगारातून वजा करावा, अशी त्यांची मागणी. ती फेटाळली गेली. न्यायाधीशांचं म्हणणं असं: रेकॉर्डरचं काम पोर्ट्समथच्या न्यायालयात सुरू होतं आणि तिथेच संपतं. लंडनमध्ये राहणं ही रिकेट्स यांची स्वतःची निवड आहे. दुसरा कुणी पोर्ट्समथलाच राहणारा त्या पदावर असता तर त्याला हा खर्च आलाच नसता. मग पद तेच असताना एकाला सवलत आणि दुसऱ्याला नाही, असं का व्हावं?

या युक्तिवादातली शिस्त मला पटते. माणूस कुठे राहतो यामागे घरभाडं, मुलांची शाळा, बायकोची नोकरी, म्हाताऱ्या आईबापांची सोय अशी शंभर कारणं असतात आणि त्यांतलं एकही मालकाने घातलेलं नसतं. पण त्याच शिस्तीने वागायचं ठरवलं की कडेची माणसं मात्र अडचणीत येतात. सार्जंट विरुद्ध बार्न्स या १९७८ च्या खटल्यातला दंतवैद्य रोज घरून दवाखान्यात जाताना वाटेतल्या प्रयोगशाळेत थांबायचा, तयार झालेल्या कवळ्या घ्यायचा, नव्या द्यायचा. प्रयोगशाळेपासून दवाखान्यापर्यंतचा प्रवास तरी कामाचा धरा, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. तो त्या रस्त्याने जात होता कारण त्याला दवाखान्यात पोचायचं होतं. वाटेत कामाचा थांबा घेतल्याने प्रवासाचं स्वरूप बदलत नाही. आजही घरून ऑफिसला जाताना पोस्टात कंपनीचं पाकीट टाकणाऱ्याला हाच निवाडा आडवा येतो.

आणि मग डॉ. ओवेन. वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डला त्यांचा दवाखाना होता. पंधरा मैलांवरच्या हॅव्हरफर्डवेस्टच्या हॉस्पिटलात ते अर्धवेळ प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ म्हणून नेमलेले होते. तातडीचा रुग्ण आला की हॉस्पिटलमधून फोन यायचा. डॉक्टर फोनवरच सगळं ऐकून घ्यायचे, काय करायचं ते सांगायचे आणि गाडी काढायचे. कधी कधी फोनवर सांगून भागायचं, जावंही लागायचं नाही. हॉस्पिटल प्रवासखर्च द्यायचं, पण दहाच मैलांपर्यंतचा. उरलेले पाच मैल डॉक्टरांच्या खिशातून. करखात्याने नेहमीचं उत्तर दिलं: घर ते कामाची जागा, सवलत नाही. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये डॉक्टर तीन विरुद्ध दोन अशा मतांनी जिंकले. कारण रुग्णाची जबाबदारी त्यांच्यावर फोन कानाला लावल्या क्षणापासून येत होती. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत त्यांचं काम सुरू होऊन बराच वेळ झालेला असायचा. त्यांना कामाच्या दोन जागा होत्या, आणि मधला रस्ता कामातला होता.

हा निवाडा वाचून हॉस्पिटलमधले अनेक डॉक्टर, नर्स हरखून जातात: मलाही रात्री फोन येतो! पण करखातं ओवेन यांच्या निकालाची व्याप्ती अगदी अरुंद ठेवतं. नुसतं फोन आला म्हणून घरून निघणं पुरत नाही. त्या रुग्णाची वैद्यकीय जबाबदारी फोनपासूनच तुमच्या शिरावर होती, तुम्ही घरूनच उपचार सुरू केले होते आणि हे नेमणुकीचा भागच होतं, असं दाखवावं लागतं. एरवी रात्री दोनला केलेला प्रवासही सकाळी आठच्या प्रवासासारखाच घर ते कामाची जागा ठरतो.

जुन्या निवाड्यांच्या या जंजाळातून वाट काढायला १९९८ पासून नवे नियम लागू झाले. २००३ च्या कायद्यात ते आता आहेत. त्यांचा गाभा असा: कामाची कायमची जागा आणि तात्पुरती जागा यांत फरक करायचा. कायमच्या जागी जाणं हे रोजचं येणंजाणं, त्याला सवलत नाही. तात्पुरत्या जागी जाणं, अगदी घरून थेट गेलात तरी, कामाचा प्रवास.

सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्यांना यातला चोवीस महिन्यांचा नियम ठाऊक असायलाच हवा. समजा, तुमची कंपनी रेडिंगची आणि तुम्हाला बर्मिंगहॅमच्या क्लायंटकडे अठरा महिन्यांसाठी पाठवलं. तुम्ही तिकडे रोज स्वतःच्या गाडीने जाता. ही जागा तात्पुरती, मैल मान्य. दहाव्या महिन्यात मॅनेजर सांगतो की प्रकल्प वाढला, एकूण अठ्ठावीस महिने लागणार. ज्या दिवशी तुम्हाला हे कळलं त्या दिवसापासून जागा कायमची झाली आणि सवलत बंद. आधीच्या दहा महिन्यांचं मिळालेलं जात नाही, पण पुढचं थांबतं. चोवीस महिने खरोखर भरण्याची वाट पाहिली जात नाही. ते भरतील अशी अपेक्षा कधी निर्माण झाली हे पाहिलं जातं. शिवाय कामाच्या वेळेपैकी निदान ४० टक्के वेळ त्या जागी जात असेल तरच हा नियम लागतो. आठवड्यातून एकच दिवस जाणाऱ्याची जागा तीन वर्षांनीही तात्पुरती राहू शकते. आणि ज्याची सगळी नोकरीच एका वर्षाच्या करारावर, एकाच जागेसाठी आहे, त्याला ती जागा पहिल्या दिवसापासून कायमची. वर्ष चोवीस महिन्यांपेक्षा कमी आहे म्हणून सवलत मागणाऱ्यांचे अर्ज इथे अडतात.

करोनानंतर घरून काम करणं सर्रास झालं, तेव्हा आणखी एक समजूत पसरली: आता माझं घरच कामाची जागा, मग ऑफिसला जाणं हा कामाचा प्रवास. बहुतेकांच्या बाबतीत हे खरं नाही. ऑफिसची जागा कायमची राहिली, आठवड्यातून दोन दिवस तिथे हजर राहायचंच, तर त्या दोन दिवसांचा प्रवास पूर्वीसारखाच आपापला.

केअर वर्करच्या बाबतीत चित्र बरंच चांगलं आहे. एका घरून दुसऱ्या घरी जाणं हा निर्विवाद कामाचा प्रवास. पहिल्या घरापर्यंतचा आणि शेवटच्या घरून परतीचा प्रवास मात्र तपासून पाहावा लागतो. नोकरी एखाद्या ठरावीक भागापुरती असेल, समजा शहराचा उत्तर भाग, तर तो अख्खा भाग तिची कायमची जागा समजला जातो. ती त्याच भागात राहत असेल तर घरापासूनचा प्रत्येक मैल धरता येतो. बाहेर राहत असेल, तर त्या भागाच्या हद्दीपर्यंतचे मैल तिचे स्वतःचे, हद्द ओलांडल्यावरचे कामाचे. रोज सकाळी एजन्सीच्या ऑफिसात जाऊन किल्ल्या आणि कामाची यादी घ्यायची पद्धत असेल, तर ते ऑफिस कायमची जागा ठरू शकतं आणि तिथवरचा प्रवास सुटतो. नोकरी घेताना पत्रात काय लिहिलंय हे म्हणून नीट वाचावं.

स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी, प्लंबर, ट्यूशन घेणारे, फिरते फिजिओथेरपिस्ट, दर तेच आहेत. ४५ आणि २५ पेन्सचा सोपा मार्ग घ्यायचा की प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या ठेवून कामाच्या वापराइतका हिस्सा लावायचा, हे त्यांना निवडता येतं. पण एका गाडीसाठी मैलाचा मार्ग एकदा धरला की ती गाडी वापरात असेपर्यंत तोच चालवावा लागतो. प्रवास कामाचा की घरचा हा प्रश्न त्यांनाही सुटत नाही. १९७१ च्या हॉर्टन खटल्यातल्या गवंड्याला ठरलेली जागाच नव्हती. आज या बांधकामावर, पुढच्या महिन्यात त्या. त्याचं घर हाच त्याच्या धंद्याचा तळ, असं न्यायालयाने मानलं आणि सगळा प्रवास मान्य केला. २०१४ च्या समदियन खटल्यातल्या डॉक्टरांना मात्र हे जमलं नाही. त्यांनी घरात खाजगी प्रॅक्टिसचं ऑफिस थाटलं होतं, पण रुग्ण ते ठरावीक हॉस्पिटलांत, ठरलेल्या दिवशी नेमाने पाहत. घरून तिथे जाणं हे कामाचं नव्हे, असा निकाल लागला. आठवड्याचे दिवस आणि जागा बांधलेल्या असल्या की घरातलं टेबल मदतीला येत नाही.

आता वही. सगळी सवलत शेवटी तिच्यावर उभी आहे, म्हणून तिच्याकडे जवळून पाहू. १४ ऑक्टोबर २०२४ पासून करखात्याने नोकरदारांच्या खर्चाच्या अर्जासोबत पुरावा जोडणं सक्तीचं केलं. मैलांसाठी पुरावा म्हणजे प्रवासाची नोंद: प्रत्येक फेरीचं कारण, निघाल्याचा आणि पोचल्याचा पोस्टकोड. ‘वर्षभरात अंदाजे सहा हजार मैल’ असं लिहून आता भागत नाही. केअर वर्करच्या वहीतली एक ओळ अशी असावी: मंगळवार, १४ मे २०२४, एलई४ ते एलई५, ४.२ मैल, सकाळची औषधं आणि आंघोळ. पोस्टकोड अर्थातच पूर्ण लिहायचा. रुग्णाचं नाव लिहायची गरज नाही आणि लिहूही नये. त्या माणसाचा आजार हा करखात्याचा विषय नाही. मैल गाडीच्या मीटरवरून घ्या किंवा फोनमधल्या नकाशावरून, पण त्याच दिवशी लिहा. एप्रिलमध्ये बसून मागचं वर्ष आठवत लिहिलेली वही ओळखू येते: सगळे आकडे शून्याने किंवा पाचाने संपतात, नाताळच्या दिवशीही फेऱ्या दिसतात आणि दोन घरांतलं अंतर दर महिन्याला बदलतं. एजन्सीच्या ॲपमध्ये कामाच्या वेळा आणि ठिकाणं असतातच. नोकरी सोडायच्या आधी ती माहिती उतरवून घ्या. नोकरी गेली की लॉगइन बंद होतो आणि मागच्या तीन वर्षांचा पुरावा त्याच्याबरोबर जातो.

अर्जाचा फॉर्म पी८७. एका वर्षाचा एकूण खर्च २,५०० पाउंडांपर्यंत असेल तर तो चालतो. त्यापेक्षा जास्त असेल किंवा तुम्ही आधीपासूनच सेल्फ असेसमेंटचं रिटर्न भरत असाल, तर मागणी रिटर्नमध्येच करायची. वर्ष संपल्यावर चार वर्षांपर्यंत मागता येतं. म्हणजे आजवर कधीच न मागितलेल्या माणसाने अर्ज करताना सर्वांत जुनं वर्ष आधी हाती घ्यावं, कारण दर ५ एप्रिलला एक वर्ष कायमचं हातातून जातं.

फेसबुकवर ‘तुमचा टॅक्स परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती दिसतात. फॉर्म भरण्याचा मोबदला म्हणून त्या परताव्याचा मोठा हिस्सा ठेवून घेतात. पूर्वी काहीजण अशी सही घेत, की परताव्याचा हक्कच कायमचा त्यांच्या नावे होई, आणि नंतर आलेला भलताच परतावाही त्यांच्याकडे जाई. १५ मार्च २०२३ पासून आयकराच्या परताव्याचा हक्क असा दुसऱ्याच्या नावे करून देणं कायद्याने निरर्थक ठरवलं गेलं, हे फार चांगलं झालं. तरीही फी द्यावी लागतेच. पी८७ भरायला लागतात तुमचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, मालकाचा पीएवायई (पगारातून करकपातीचा) रेफरन्स, मैलांची बेरीज, मिळालेले पैसे आणि वहीची प्रत. यातलं अवघड काम वहीचं, आणि ते तुम्ही आधीच केलेलं असतं.

विम्याचंही पाहा. ब्रिटनमधली साधी पॉलिसी घरगुती वापर आणि फार तर ऑफिसला येण्याजाण्यापुरती असते. रुग्णांच्या घरी गाडीने फिरायचं तर पॉलिसीत कामाचा वापर नोंदलेला हवा. नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते.

भारतातून गेलेल्या माणसाला ही तरतूद सुचतच नाही याचं एक कारण आपल्या सवयीत आहे. १९६१ च्या आयकर कायद्याखाली भारतातल्या पगारदाराला स्वतःच्या खिशातून केलेला असा खर्च वजा करून मागण्याची सोय नव्हती. सगळ्यांना सारखी स्टँडर्ड डिडक्शन, व्यवसायकर, आणि संपलं. गाडीबाबत सूट मिळायची ती कंपनीने खर्च भरून दिला तरच: गाडी ऑफिस आणि घर दोन्हींसाठी वापरली जात असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिन्याला १,८०० रुपये, मोठ्याला २,४०० रुपये आणि ड्रायव्हर असल्यास आणखी ९०० रुपये वगळून उरलेली रक्कम पगारात मोजायची. कंपनी देत नसेल तर विषयच मिटला. याच सवयीने लंडनला गेलेला माणूसही कंपनी देत नाही म्हणजे काही होणार नाही असं धरून चालतो. तिथे नेमकं उलटं आहे: कंपनी जितकं कमी देते तितकी तुमची मागणी मोठी.

पण करसवलतीने एजन्सीची जबाबदारी संपते असं कुणी मानू नये. २४० पाउंडांचा परतावा घेऊनही त्या बाईच्या खिशातून ९६० पाउंड गेलेलेच राहतात. इथे दुसरा एक कायदा कामाला येतो. किमान वेतनाच्या हिशेबात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरावा लागतो, आणि कामासाठी केलेला, मालकाने न भरलेला खर्च मिळालेल्या पगारातून वजा करून मग दर पाहिला जातो. एप्रिल २०२४ मध्ये एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराचं किमान वेतन तासाला ११.४४ पाउंड होतं. ज्या एजन्सी फक्त रुग्णाच्या घरातल्या अर्ध्या तासाचे पैसे देतात, मधल्या वीस मिनिटांचे देत नाहीत आणि पेट्रोलही त्या बाईवर टाकतात, त्या कागदावर बारा पाउंड तास दाखवूनही प्रत्यक्षात या रेषेखाली जाऊ शकतात. याची तक्रार ॲकास या सरकारी सल्ला संस्थेच्या हेल्पलाइनवरून पुढे नेता येते किंवा थेट करखात्याकडे करता येते, कारण किमान वेतनाची अंमलबजावणीही तेच पाहत आलं आहे. कामाचे तास आणि मैल दोन्ही दाखवणारी तीच वही इथेही पुरावा म्हणून चालते.

अर्ज मंजूर झाला की मागच्या वर्षांचे पैसे चेकने किंवा खात्यात येतात, आणि चालू वर्षासाठी करखातं बहुतेक वेळा तुमचा टॅक्स कोड बदलून मागच्या वर्षाइतकाच खर्च होईल असं धरतं. नोकरी बदलली, मैल कमी झाले किंवा एजन्सी पूर्ण ४५ पेन्स देऊ लागली, तर हे त्यांना ताबडतोब कळवा. नाहीतर कमी कापलेला कर पुढच्या वर्षी पगारातून वसूल होतो, आणि त्या महिन्याच्या पगाराची चिठ्ठी पाहून धक्का बसतो.